बोकड पडणार कुठे?

"भाऊ अलास्कात असतो. त्याच्या घरच्यांसोबत बर्फात माउंटन गोटच्या शिकारीला जायचं म्हणतोय. मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्यालाही न्यावं का?" अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न थोड्याफार फरकाने येतच असतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. जाता येतं. मुलालाही नेता येतं. पण मुलाला नोव्हेंबरात नेऊ नका, आणि गोट दिसला की त्याच्यामागे चढायचंच असंही समजू नका.

आधी नात्याचं. अलास्काबाहेरच्या माणसाला माउंटन गोट (कड्यांवर राहणारं पांढऱ्या लोकरीचं, बकऱ्यासारखं जनावर) मारायचा असेल तर परवानाधारक गाइड लागतो, नाहीतर अलास्काचा रहिवासी असलेला, एकोणीस वर्षं पूर्ण केलेला जवळचा नातेवाईक लागतो. कायद्याच्या यादीत नवरा-बायको, आईवडील, मुलं, सख्खी भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं, सासू-सासरे, सून-जावई, दीर, नणंद, मेहुणा, मेहुणी आणि सावत्र नाती येतात. काका, मामा, आत्या, मावशी येत नाहीत. चुलत-मावस भाऊ तर नाहीच, मग तुम्ही एका घरात वाढलेले असा की एका ताटात जेवलेले. गोळी झाडताना हा नातेवाईक तुमच्यापासून शंभर यार्डांच्या आत हवा. तो तंबूत चहा करत बसला तर चालत नाही. आणि तुम्ही अमेरिकेबाहेर राहणारे परदेशी नागरिक असाल तर सख्खा भाऊ असला तरी गाइड घ्यावाच लागतो. व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपण कुठल्या गटात मोडतो ते अलास्काच्या फिश अँड गेम खात्याकडून लेखी विचारून घ्यावं. दहा वर्षांखालच्या मुलाने मारलेलं जनावर सोबतच्या मोठ्या माणसाच्या कोट्यात धरलं जातं. तेराव्या वर्षी मुलाचा हिशोब त्याच्या स्वतःच्या परवान्यावर होतो.

आता जनावर. माउंटन गोट हा खरं तर बकरा नाहीच. आपल्या हिमालयातल्या गोरल आणि सेरो यांचा तो लांबचा भाऊबंद. पूर्ण वाढलेला नर सव्वाशे किलोच्या आसपास, मादी ऐंशी-पंच्याऐंशी किलोची. खुराची कड टणक आणि आतली गादी रबरासारखी मऊ, म्हणून जिथे माणसाला दोर लागतो तिथे तो उभा राहून रवंथ करतो. शिंगं दोघांनाही असतात, काळी आणि साधारण वीत-सव्वा वीत लांबीची, आणि नवख्याची फसगत इथेच होते. नराची शिंगं बुडाशी जाड असतात. दोन शिंगांमधली फट शिंगाच्या जाडीपेक्षा कमी दिसते आणि बाक बुडापासून टोकापर्यंत एकसारखा असतो. मादीची शिंगं बारीक, मधली फट रुंद, आणि बाक टोकाजवळ एकदम येतो. लघवी करताना नर अंग ताणून पुढे झुकतो, मादी मागचे पाय दुमडून बसते. एवढी एक गोष्ट बघायला मिळाली तरी शंका मिटते. शरद ऋतूत माजावर आलेले नर मातीत खड्डे करून बसतात, त्यामुळे त्यांचा मागचा भाग आणि पोट मळलेलं असतं.

नर-मादीबद्दल इतकं काटेकोर राहायचं कारण असं की मादी बहुधा चार-पाच वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते, तेही एकच पिल्लू. हरणांच्या हिशोबाने हा वेग फारच कमी आहे. एका कळपातल्या चार-दोन प्रौढ माद्या गेल्या तर तो कळप सावरायला कित्येक वर्षं जातात. पिल्लासोबतची मादी मारणं बेकायदा आहे. काही भागांत परवान्याआधी नर-मादी ओळखण्याची ऑनलाइन चाचणी द्यावी लागते; तुमच्या भागात सक्तीची नसली तरी सगळ्यांनी बसून ती सोडवा. पोरं या चाचणीत आईबापांना हमखास मागे टाकतात.

बर्फ पडल्यावर दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे गोट शोधणं अवघड होतं, पण लोकांना वाटतं तितकं नाही. ताज्या बर्फावर त्याची लोकर पिवळसर, सायीच्या रंगाची दिसते. उतारावर माग उठलेला असतो आणि काळी शिंगं दुर्बिणीत भरतात. त्रास होतो तो ढग उतरल्यावर. किनाऱ्यालगतचे गोट जोराचा बर्फ पडला की खाली जुन्या घनदाट जंगलात उतरतात, आतल्या भागातले वाऱ्याने झाडून निघालेल्या कड्यांवर जातात. वरचे मोकळे उतार रिकामे दिसले की हे आधी आठवावं.

दुसरा बदल जीवघेणा आहे. हिमस्खलन होतं, म्हणजे बर्फाचा थर सुटतो, तो मुख्यतः तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावरून. गोट स्वतः त्याहून उभ्या खडकात असतो, जिथे बर्फ साचतच नाही. म्हणजे तो सुरक्षित असतो, आणि त्याच्यापर्यंत जायची वाट मात्र नेमकी त्या खडकाखालच्या पस्तीस-चाळीस अंशांच्या पट्ट्यातून जाते. वरून लोटलेला, वाऱ्याने आणून रचलेला सगळा बर्फ तिथेच थांबलेला असतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला तर हा बर्फ गवतावर किंवा गुळगुळीत खडकावर नुसता टेकलेला असतो, खाली धरायला काही नाही. "आत्ताच तर पडलाय, थर फारसा नाही" हा युक्तिवाद म्हणूनच चुकीचा. बहुतेक ठिकाणी हिमस्खलनाचे नियमित अंदाजही ऑक्टोबरात सुरू झालेले नसतात, त्यामुळे निर्णय तुमचा तुम्हालाच घ्यावा लागतो.

प्रत्येकाच्या अंगावर बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा रेडिओ संकेताने सांगणारं यंत्र), पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवं. प्रत्येकाच्या म्हणजे मुलाच्याही. बीकन आतल्या कपड्यावर पट्ट्याने बांधायचा, सॅकमध्ये ठेवायचा नाही. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर जगण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. तेवढ्या वेळात मदत बाहेरून येत नाही; जे करायचं ते सोबतच्यांनीच. म्हणून घरामागच्या बर्फात बीकन पुरून शोधण्याचा सराव सगळ्यांनी करायचा. उताराचा कोन डोळ्याने ठरवू नका, क्लिनोमीटरने मोजा. शंकेचा पट्टा ओलांडताना एका वेळी एकच जण, बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्याकडे बघत. बुटांना बांधायच्या छोट्या दातांच्या साखळ्या इथे पुरत नाहीत. बारा दातांचे क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे टोकदार दातांचे सांगाडे) आणि आइस अॅक्स (बर्फात रोवायची छोटी कुदळ) लागते, आणि घसरल्यावर अॅक्स रोवून थांबायचं कसं हे अंगात भिनलेलं हवं. मुलांच्या बाबतीत इथेच घोडं अडतं. क्रॅम्पॉन नीट बसतील असे ताठ तळाचे बूट लहान मापात सहजासहजी मिळत नाहीत. मऊ बुटावर बांधलेला क्रॅम्पॉन निम्म्या चढात सुटतो.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येतो. नवखा शिकारी विचारतो, "टप्प्यात आहे का?" जाणता विचारतो, "पडणार कुठे?" गोट फार चिवट. हृदय-फुफ्फुसात नीट बसलेली गोळी खाऊनही तो तीस-चाळीस पावलं जातो, आणि कड्यावर ती पावलं दरीकडेच जातात. दोनशे मीटर खाली आपटलेल्या गोटची शिंगं मोडतात, मांस फुटून त्यात केस आणि खडी शिरते, आणि बऱ्याचदा तो जिथे अडकतो तिथे माणूस पोचूच शकत नाही. म्हणून तो सपाटीवर, खाचेत किंवा मोठ्या दगडांच्या वरच्या अंगाला येईपर्यंत थांबायचं. नाहीच आला तर सोडून द्यायचा. नेम दोन्ही खांदे मोडतील असा धरावा. थोडं मांस वाया जातं, पण जनावर जागेवर बसतं. दुसरी गोळी लगेच तयार ठेवा. .२७० किंवा .३०-०६ ची रायफल आणि मजबूत बनावटीची गोळी पुरेशी आहे.

वरून खाली किंवा खालून वर मारताना अंतराचा हिशोब चुकतो. चाळीस अंशांच्या कोनात मोजयंत्र तीनशे यार्ड दाखवत असेल तर गोळीच्या दृष्टीने ते दोनशे तीसच असतं. तीनशेच्या हिशोबाने नेम धराल तर गोळी पाठीवरून जाईल. कोन धरून अंतर सांगणारं मोजयंत्र घ्या. शक्य तिथे वरून उतरत जा, कारण गोट धोका खालूनच येणार असं धरून खालीच बघत असतो. शिवाय दिवसा उतार तापला की हवा वर चढते आणि तुमचा वास त्याच्यापासून दूर जातो. संध्याकाळी हवा उलटी खाली वाहू लागते.

वॉकीटॉकीबद्दल घरच्यांना आधीच सांगून ठेवा. समोरच्या उतारावरून "डावीकडे आहे, पुढे सरक" असं रेडिओवर सांगणं अलास्कात बेकायदा आहे. रेडिओ, फोन वगैरे सुरक्षिततेसाठी वापरता येतात, जनावर मारण्यासाठी नाहीत. तसंच छोट्या विमानाने रानात उतरलात तर त्या दिवशी शिकार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच.

वेळेचं गणित कठोर आहे. १० नोव्हेंबरच्या सुमारास अँकरेजच्या परिसरात दिवस साधारण साडेसात तासांचा, आणि सव्वाचारच्या आसपास सूर्यास्त. दोघांनी मिळून गोट सोलून, मांस काढून, सॅक भरायला अडीच तास सहज जातात. म्हणजे दुपारी एकनंतर गोळी झाडायची नाही, कितीही सुंदर नर समोर उभा असला तरी. सप्टेंबरात हेच गणित बरंच सैल असतं, उतार बहुतांशी उघडे असतात, फक्त केस आखूड असतात. लांब झुपकेदार कातड्यासाठी लोक उशिरा जातात. मुलगा बरोबर असेल तर मला तो सौदा पटत नाही.

चाकू लावण्याआधी गोट बांधा. सहा मिलिमीटरची दोरी शिंगांना आणि एका पायाला घालून खडकाला किंवा बर्फात रोवलेल्या अॅक्सला. अर्धा सोललेला गोट बर्फावरून सटकला की सोबत चाकू धरलेला माणूसही जातो. रबरी हातमोजे घाला. या जनावरांना ऑर्फ नावाचा विषाणूजन्य रोग होतो, ओठांवर खपल्या दिसतात आणि माणसाच्या हातालाही तो लागतो. कोडियाक बेटावर, जिथे १९५२-५३ मध्ये गोट आणून सोडले गेले, तपकिरी अस्वलांची वस्ती दाट आहे. तिथे मांस आतड्यांच्या ढिगापासून लगेच दूर, लांबून दिसेल अशा उघड्या जागी हलवायचं.

एका नराचं हाडाविना मांस तीस-पस्तीस किलो भरतं, कातडं आणि डोकं आणखी पंधरा-वीस. त्यात तुमचं सामान. हे दोघांचं काम नाही, तीन धडधाकट माणसं हवीत. पंचेचाळीस किलोच्या मुलाला आठ किलोपेक्षा जास्त देऊ नका. खाण्याजोगं सगळं मांस आणणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि मांसाआधी शिंगं खाली नेता येत नाहीत.

तळावरच्या चुका बहुतेक थंडीच्या असतात. पाण्याचा फिल्टर एकदा आतून गोठला की बाहेरून धड दिसला तरी निकामी. रात्री झोपण्याच्या पिशवीत घ्या. गॅसच्या डब्यातलं ब्युटेन शून्याच्या आसपासच बसतं, म्हणून कडाक्याच्या थंडीत द्रव इंधनाचा स्टोव्ह बरा. बर्फ वितळवताना भांड्यात आधी थोडं पाणी घाला, नाहीतर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. रायफल तंबूत घेऊ नका: उबेत तिला घाम सुटतो, बाहेर नेल्यावर तो गोठतो आणि घोडा अडकतो. जुनं ग्रीस काढून कोरडं वंगण लावा, नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावा म्हणजे बर्फ आत जात नाही. खाण्यात डिंकाचे लाडू उत्तम. चिक्की आणि चॉकलेट मात्र खिशात, अंगालगत ठेवा. गोठल्यावर दातच मोडतात. मुलगा गप्प झाला, अडखळायला लागला, "थंडी नाही वाजत" म्हणाला, की शिकार तिथेच थांबवायची आणि त्याला कोरडे कपडे, गोड गरम पाणी द्यायचं.

मुलाला सप्टेंबरात न्या, दुर्बीण त्याच्या हातात द्या आणि शिंगं त्याला वाचू द्या. वर चढायचं की नाही ते गटातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या चालीवर ठरवा.

आणि मांस. स्नायू आखडायच्या आतच ते गोठलं तर कितीही शिजवा, चामड्यासारखं राहतं. म्हणून थंडीत मागचे पाय जमतील तेवढे हाडासकट ठेवावेत, पहिले काही तास थेट बर्फावर टाकू नयेत. घरी एक ते चार अंशांत पाच-सहा दिवस टांगा. शिंगांमागे ग्रंथी असतात आणि माजाच्या दिवसांत त्यांचा उग्र वास येतो. डोकं हाताळलेले हातमोजे मांसाला लावू नका. पांढरी टणक चरबी सगळी काढून टाका, रश्श्यात ती टाळूला चिकटते. म्हाताऱ्या नराच्या नळीला कुकरमध्ये बोकडाच्या मटणाच्या दुप्पट वेळ द्या, आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण मांस शिजल्यावरच घाला.