मागून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायला कोणी नसताना

एकटीने कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, ओढायची, तर मागे उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या, बास!’ म्हणणारं कोणी नसणार, हीच माझी मोठी धास्ती होती. इथे इंग्लंडमध्ये बासष्टाव्या वर्षी सुरुवात केली. दुसऱ्या माणसाचं जवळपास प्रत्येक काम एखाद्या वस्तूवर नाहीतर ठरलेल्या क्रमावर सोपवता येतं, हे हळूहळू कळलं. ज्यांना हे करायचंय पण हात कापतात, त्यांच्यासाठी लिहिते.

१६ डिसेंबर २०२१ पासून इथे कारच्या साध्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा लागत नाही. तरीही शिकवणी घ्याच. कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लब आणि कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लब, दोघांचेही वर्ग असतात. रिव्हर्सची भीती तिथेच निम्मी होते.

कॅरव्हॅन बघायला जाण्याआधी वजनाचं गणित कागदावर मांडा. नवशिक्याने कॅरव्हॅनचं कमाल भरलेलं वजन गाडीच्या कर्बवेटच्या (रिकाम्या गाडीच्या वजनाच्या) ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं. म्हणजे गाडी १,५०० किलोची असेल, तर कॅरव्हॅन १,२७५ पर्यंत. एकट्या माणसाला दोन बर्थची पुरते, आणि ती या मापात सहज बसते. मूव्हर, म्हणजे रिमोटने कॅरव्हॅन हलवणारी मोटर, नंतर बसवला तर साधारण ३० किलो खातो, बॅटरी वीसेक किलो. हे सगळं सामानाच्या वाट्यातून वजा होतं. पाणी लिटरला किलो, म्हणून टाकी रिकामी करूनच निघायचं.

नाकाचं वजन, म्हणजे कॅरव्हॅनच्या पुढच्या टोकाच्या हिचचा (जोडणीच्या भागाचा) टोबारवर, गाडीमागच्या ओढायच्या दांड्यावर, पडणारा भार, भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के हवा. १,२०० किलोला ६० ते ८४. मात्र गाडीची आणि टोबारची मर्यादा कमी असेल तर तीच पाळायची. मोजायला घरातला वजनकाटा चालतो: चाकांना अडण लावा, हिचखाली काट्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा, कॅरव्हॅन सपाट राहील अशा बेताने जॉकी व्हील (कॅरव्हॅनच्या पुढचं वर-खाली होणारं छोटं चाक) वर घ्या आणि आकडा वाचा. भार कमी पडला तर कॅरव्हॅन मागे जड होते आणि वेगात सापासारखी वळवळते. जास्त झाला तर गाडीचा मागचा भाग दबतो आणि पुढच्या चाकांची पकड सुटते. जड सामान जमिनीवर, ॲक्सलच्या वर. तांदळाची पिशवी आणि कुकर वरच्या कपाटात ठेवण्याचा मोह होतो, ठेवू नका.

आता जोडणी. गाडी नेमकी हिचखाली आणायला रिव्हर्स कॅमेरा पुरतो, नाहीतर मूव्हरने कॅरव्हॅनच गाडीकडे आणा. टोबारच्या ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर हिच उतरली की ‘खट्’ आवाज येतो, हिरवी खूण दिसते. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. जॉकी व्हील पुन्हा खाली फिरवा, गाडीचा मागचा भाग थोडा उचलला गेला तर पकड पक्की. हिच नुसती गोळ्यावर टेकलेली असेल तर ती सुटून वर येते. मग वळवळ रोखणाऱ्या स्टॅबिलायझरचा दांडा खाली (घर्षणाचा स्टॅबिलायझर असेल तर गोळ्यावर ग्रीस किंवा रंगाचा अंशही नको), ब्रेकअवे केबल (कॅरव्हॅन सुटलीच तर तिचा ब्रेक ओढणारी तार), दिव्यांचा तेरा पिनांचा प्लग, जॉकी व्हील पूर्ण वर आणि घट्ट, चारही स्टेडी (कोपऱ्यांचे टेकू) वर, शेवटी कॅरव्हॅनचा हँडब्रेक खाली. केबल टोबारवरच्या ठरलेल्या कडीत अडकवा, गोळ्याभोवती गुंडाळली तर निसटू शकते. ताणलेली राहिली तर वळणावर ब्रेक ओढते, सैल असेल तर रस्त्यावर घासते.

मागचे दिवे कोण बघणार? हॅझर्ड लावून चक्कर मारली की इंडिकेटर समजतात. ब्रेकसाठी पेडल आणि सीट यांच्यात मापाची काठी अडकवते आणि मागे जाऊन बघते. तपासलं की काठी लगेच काढून डिकीत, हे विसरायचं नाही. कॅरव्हॅन गाडीपेक्षा रुंद असेल तर जादा आरसे कायद्यानेच लागतात.

वेगमर्यादा साध्या एकेरी रस्त्यावर ताशी ५० मैल, ड्युअल कॅरेजवे आणि मोटरवेवर ६०. तीन लेनच्या मोटरवेवर उजवी लेन आपली नाही. वळवळ सुरू झाली तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने सावरू नका. पाय ॲक्सलरेटरवरून अलगद उचला, चाक सरळ धरा.

पोचल्यावर, उजेड असतानाच, कॅरव्हॅन रिव्हर्समध्ये जागेवर घ्या. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. कॅरव्हॅनचं बूड ज्या बाजूला हवं, त्याच बाजूला हात न्या. दोनदा उतरून बघण्यात काही कमीपणा नाही. शेवटचे दोन मीटर मूव्हरने. दाराशी पाणसळ ठेवली की बाहेर रिमोट हातात घेऊन बुडबुडा दिसतो. आधी डावी-उजवी बाजू रॅम्पवर चढवून सपाट करायची, मग हँडब्रेक, त्यानंतरच मूव्हरचे रोलर चाकांवरून काढायचे. क्रम उलटला तर उतारावर कॅरव्हॅन चालू लागते. पुढची-मागची पातळी जॉकी व्हीलने. स्टेडी फक्त टेकवायच्या, त्यांनी कॅरव्हॅन उचलायची नाही.

विजेची केबल पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते. आधी कॅरव्हॅनच्या टोकाला, मग तिथल्या विजेच्या खांबाला. बहुतेक ठिकाणी १६ अँपिअर मिळतात, काही ठिकाणी १० किंवा ६. दोन किलोवॉटची किटली एकटीच जवळपास ९ खाते. गॅस प्रोपेनचा घ्या, कारण ब्युटेनचा शून्य अंशाजवळ वायूच होत नाही. जमिनीलगतची भोकं गळलेला गॅस बाहेर जाण्यासाठी असतात, त्यांवर पायपुसणं टाकू नका. कुकर लावताना छताची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर वाफ भिंतीत मुरते.

निघताना आधी खांबाकडचं टोक काढायचं. जोडणी झाली की दहा पावलं पुढे जाऊन थांबते आणि मोकळ्या जागेकडे चालत परत येते. गवतात रॅम्प राहिलेले असतात.