विजयदुर्गला निघण्यापूर्वी दोन पत्रे वाचावीत

इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लावला, असे मी इतक्या वेळा वाचले होते की यंदा १८ ऑगस्टला, म्हणजे १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या तारखेला, तेथे असावे म्हणून रजा काढून भर पावसात कोल्हापूरहून निघालो. त्या ग्रहणाशी निगडित दोन मूळ पत्रे मोबाईलमध्ये उतरवून घेतली होती. परंतु ती वाचली मुक्कामी पोहोचल्यावर, वीज गेलेल्या खोलीत, ओले कपडे खुर्चीवर पसरून. निघण्यापूर्वी वाचली असती, तर करूळ घाटात त्या दिवशी शिरलोच नसतो.

गगनबावड्यापर्यंतच्या प्रवासाविषयी सांगण्यासारखे काही नाही. तेथून खाली उतरताना मात्र धुके इतके दाट होते की पुढच्या गाडीचे लाल दिवेही दिसेनात, आणि वळणावर दरडीची माती रस्त्यावर आल्यामुळे एसटी पावणेदोन तास जागची हलली नाही. परिणामी तळेऱ्याला विजयदुर्गची गाडी चुकली. पुढचे सुमारे ५० किलोमीटर अंतर नेण्यासाठी एका जीपवाल्याने २,८०० रुपये मागितले, परतीचे भाडे मिळत नाही असे कारण दिले, आणि अंधारून आल्यामुळे मी ते मुकाट्याने मोजले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतील गृहस्थांनी आपण १,५०० रुपयांत आलो असे सांगितले, तेव्हा किल्ला पाहण्याचा अर्धा उत्साह तेथेच मावळला. पावसाळ्यात जायचेच असेल तर घाटाच्या वाटेला जाऊ नये, रेल्वेने कणकवलीला उतरावे, सकाळची एसटी धरावी, आणि खासगी गाडी करावी लागलीच तर पाय आत टाकण्यापूर्वी भाडे ठरवावे.

आता पत्रांविषयी. पहिले पत्र फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांचे असून त्यावर १९ सप्टेंबर १८६८ ही तारीख आहे. त्यांनी ग्रहण पाहिले ते आंध्रातील गुंटूर येथे, आणि सूर्याच्या कडेवरील ज्वाला ग्रहण नसतानाही वर्णपटदर्शकातून (प्रकाशातील रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून) पाहता येतात, हे त्यांना दुसऱ्याच दिवशी साधले. (फ्रेंच मला येत नाही, भाषांतरावर भागवले.) दुसरे पत्र नॉर्मन लॉकियर यांचे, २० ऑक्टोबर १८६८ चे, रॉयल सोसायटीच्या चिटणिसांना लिहिलेले, अनेक अपयशांनंतर आज सकाळी आपल्याला ज्वालांचा वर्णपट मिळाला, त्यात तीन तेजस्वी रेषा आहेत आणि त्यांपैकी एक ‘डी’ रेषेच्या (सोडियमच्या पिवळ्या रेषेच्या) जवळ आहे, असे ते कळवतात. पत्र लंडनचे आहे. युद्ध खात्यात कारकुनी करणारे लॉकियर त्या वर्षी हिंदुस्थानात आलेलेच नव्हते. त्यांना ग्रहणाची गरजच पडली नाही, हेच तर त्या पत्राचे मर्म आहे. जान्सेन यांचे पत्र पाच आठवडे प्रवास करून आणि लॉकियर यांनी केलेल्या शोधाची वार्ता सहा दिवसांत, अशी दोन्ही २६ ऑक्टोबरला पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या एकाच बैठकीपुढे आली, आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या मुखाकृती असलेले एकच पदक काढले. या दोन पत्रांत ‘हेलियम’ हा शब्द कोठेही नाही. ती पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नाही, हे पुढे ठरत गेले, आणि पृथ्वीवर तो वायू विल्यम रॅम्से यांच्या हाती लागला तो १८९५ मध्ये.

मग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून जे दाखवतात ते काय? लॉकियर विजयदुर्गला आले होते हे खरेच आहे, परंतु तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, आणि ब्रिटिश नौदलाच्या ‘मेल्पोमिनी’ या जहाजावरील खलाशांना त्यांनी निरीक्षणाच्या कामाला जुंपले होते. ते ओटे त्या तळाचे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. दोन ग्रहणांची अशी सरमिसळ होऊन एक गोड गोष्ट तयार झाली आहे आणि आपण सगळे ती न तपासता पुढे ढकलत आलो आहोत. त्यांत मीही आहे, कारण तीन वर्षांपूर्वी एका शाळेत मुलांना मी हेच ठासून सांगितले होते.

ओट्यांपर्यंतच्या वाटेवर पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते. साध्या चपला घालून गेल्यास पडणार हे निश्चित. मी बुटांसह दोनदा पडलो. तटबंदी भव्य आहे, तिच्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे.

१८६८ चे ग्रहण ज्यांना खरोखर ‘गाठायचे’ आहे त्यांनी विजयदुर्गऐवजी कर्नाटकातील जमखंडीला जावे, कारण पटवर्धनांच्या त्या संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी ढगांच्या फटीतून ज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या होत्या. विजयदुर्गला जायचे असेल तर २२ जानेवारीला जावे. आकाश स्वच्छ असते, वाट कोरडी असते. जाताना दोन्ही पत्रांच्या छापील प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्याव्यात, कारण वीज गेली की मोबाईल उजेडासाठीच लागतो.