न दाबलेलं बटण

कर्वे रस्त्याजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी सिटी बसवर उभं आयुष्य काढलेले एक ड्रायव्हर काका आले होते. डोक्यावर मेंदूचे विद्युत संकेत टिपणाऱ्या इलेक्ट्रोडची टोपी, शिवाय स्नायूंचे संकेत टिपायला दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्यांवर इलेक्ट्रोड.

पडद्यावर पाच बाण येतात. मधला बाण ज्या बाजूला, त्या हाताचं बटण दाबायचं. शेजारचे बाण उलटे असले की मेंदूसमोर दोन परस्परविरोधी सूचना येतात. मानसशास्त्रज्ञ बार्बरा आणि चार्ल्स एरिक्सन यांनी १९७४ साली ही चाचणी मांडली, तेव्हा बाणांऐवजी अक्षरं होती.

काकांचं क्वचितच चुकलं. नुसत्या बटणांच्या नोंदी पाहून मी समाधानाने फाइल बंद केली असती. पण स्नायूंची नोंद उघडली आणि थबकले. उत्तर उजवं, बटणही उजवंच दाबलेलं, पण त्याच्या आधी डाव्या अंगठ्याच्या रेघेवर एक बारीक झुपका उठला होता. बटण दाबलं जाईल एवढा जोर त्यात नव्हता. तो विरला आणि मग उजव्या अंगठ्याची मोठी लाट आली. हे सगळं सेकंदाच्या पाव भागात.

"मॅडम, डावं मी दाबलंच नाही," काका म्हणाले.

"नाही दाबलंत. पण अंगठ्याने दाबायला घेतलं होतं."

ते पडद्याकडे बघत राहिले. "स्वारगेटला होतं असं. सिग्नल हिरवा पडतो, पाय निघतो आणि समोर पोलीस हात दाखवतो."

अगदी हेच! मेंदूने आधी पक्कं ठरवायचं आणि मग हाताने हलायचं, इतकं ते सरळ नाही. ग्रॅटन, कोल्स या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मेंदू आणि स्नायूंच्या नोंदी एकत्र घेऊन ते दाखवलं. मेंदूचे संकेत काही मायक्रोव्होल्टचे, म्हणून अनेक फेऱ्यांची सरासरी काढावी लागते. स्नायू मात्र एकेका फेरीत बोलतो, म्हणून मला त्याच्या रेघेचं इतकं मोल वाटतं. अशा उत्तरावर नुसती 'बरोबर' अशी खूण करणं मला पटत नाही. सुटलेला हात आवरण्याचं काम त्यात मोजलंच जात नाही.

"हे झुपके कमी म्हणजे ड्रायव्हर चांगला का?"

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही, मी सांगितलं. माणूस सावकाश दाबतोय की घाईने, यावरही ते ठरतं.

"मग घाईने करून बघू की!"

टोपीतलं जेल सुकत आलं होतं. ते पुन्हा भरलं आणि "जमेल तितकं पटकन दाबा" असं सांगून पुढची फेरी सुरू केली.