'पाणी' शोधलं, 'पाण्यात' सापडलं नाही

शून्य. आजही शून्यच. मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये 'पाणी' असा शोध टाकला आणि रिकामा अ‍ॅरे परत आला, म्हणजे रिकामी यादी. मजकूर साठवलेलं डॉक्युमेंट आहे. आयडी देऊन काढलं तर लगेच समोर येतं. पहिल्याच ओळीत 'पाण्यात' आहे, पुढे 'पाण्याचा', 'पाण्याला'. एरर आली असती तर इतकं लागलं नसतं. एरर म्हणजे निदान कुणीतरी अडवलं. रिकामा अ‍ॅरे म्हणजे आपण विचारलेलं ऐकूच गेलं नाही.

टेक्स्ट इंडेक्स, म्हणजे मजकुरातल्या शब्दांची सूची, होता ना? होता. त्याची माहिती काढून पाहिली: आवृत्ती ३, शीर्षकाला वजन १०, मजकुराला १, डिफॉल्ट भाषा इंग्लिश. म्हणजे इंग्लिश शब्दांचे प्रत्यय तो छाटतो, 'द', 'अँड' सारखे शब्द गाळतो. देवनागरी शब्दाचे प्रत्यय मात्र छाटत नाही. जागा आणि विरामचिन्हं पाहून शब्द सुटे करतो आणि प्रत्ययासकट नोंदवतो. 'पाण्यात' ही एक नोंद, 'पाणी' ही दुसरी. त्यांचं एकमेकांशी नातं आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मोंगोडीबीच्या टेक्स्ट इंडेक्सला डॅनिशपासून तुर्कीपर्यंत १५ भाषा कळतात. मराठी त्या यादीत नाही. हे आधीपासून माहीत होतं, तरी आज यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. का वाचली, ते जाऊ दे.

डॉक्युमेंटमध्ये 'लँग्वेज' नावाचं फील्ड, म्हणजे रकाना, ठेवून त्यात 'मराठी' लिहिणं तर आणखी महागात पडतं. इंडेक्स त्या फील्डला आपली सूचना समजतो, भाषा ओळखीची नाही म्हणून ते डॉक्युमेंटच नाकारतो. इंडेक्स बनवतानाच 'लँग्वेज ओव्हरराइड'ला, म्हणजे भाषा कोणत्या फील्डमधून वाचायची त्या सेटिंगला, दुसरं, कुठेही न वापरलेलं नाव द्यायचं आणि डिफॉल्ट भाषा 'नन', म्हणजे कोणतीच नाही, अशी करायची. तेवढ्याने डॉक्युमेंट आत जातं. 'पाण्यात' तरीही सापडत नाही.

मग रेजेक्सचा, म्हणजे अक्षरांच्या नमुन्याने शोधण्याचा, मोह होतो. 'पाण' टाकलं की पाणी, पाण्यात सगळं येतं. पाणउतारा आणि पाणबुडीही येतात. शिवाय रेजेक्सला टेक्स्ट इंडेक्सचा काही उपयोग नाही, एकेक डॉक्युमेंट उघडून बघावं लागतं. ताई म्हणतात, वेगळं सर्च इंजिन लाव. लावेन कदाचित. पण ते शून्य डोक्यातून जात नाहीये.

दुपारी एक्सप्लेन लावून, म्हणजे शोध आतून कसा चालला ते विचारून, 'पार्स्ड टेक्स्ट क्वेरी' पाहिली. टर्म्समध्ये एकच शब्द, 'पाणी', जसा टाकला तसाच. ते बघून जरा शांत वाटलं. त्याने ऐकलं होतं. जे विचारलं तेच, अक्षरशः तेवढंच शोधलं होतं. सामान्यरूप ओळखणं हे त्याचं काम नव्हतं, ते माझ्याकडेच होतं.

तर 'मूळशब्द' नावाचं अ‍ॅरे फील्ड. लिहिताना प्रत्येक शब्दाचे प्रत्यय छाटायचे, लांब आधी: मध्ये, साठी, वर, हून, मग ला, ने, चा-ची-चे, शेवटी त. उरलेल्याच्या शेवटी '्या' असेल तर 'ी' आणि 'ा' दोन्ही रूपं ठेवायची, म्हणजे 'पाण्या'चं पाणी होतं आणि 'रस्त्या'चा रस्ता. शेवटी 'े' असेल तर 'ा': शाळेत, शाळे, शाळा. नुसता 'ा' उरला तर तो काढलेलं रूपही ठेवायचं, 'घरात'मधून घर मिळतं. मग या फील्डपुरती सगळी दीर्घ इ आणि उ ऱ्हस्व करायची. नाहीतर मीठ आणि मिठात, फूल आणि फुलात कधीच भेटत नाहीत. यात 'दिन' आणि 'दीन' एक होतात, ते मान्य. मूळ मजकूरही इंडेक्समध्ये असतो, त्यामुळे हुबेहूब शब्दाला गुण जास्त पडतात. मात्र या गुणांवर, म्हणजे 'टेक्स्टस्कोअर'वर, सॉर्ट स्वतः लावायचं, नाहीतर क्रम कसाही येतो.

त-प्रत्ययाला लगाम हवाच. 'हात'चा 'हा' होतो. छाटल्यावर दोन अक्षरं तरी उरली पाहिजेत, एवढा नियम ठेवला. 'परत'चं 'पर' होतंच, होऊ दे, मूळ शब्द शाबूत आहे. शोधाचा शब्दही याच फंक्शनमधून जायला हवा, नाहीतर सगळी मेहनत वाया.

एका कलेक्शनला, म्हणजे डॉक्युमेंटांच्या एका गठ्ठ्याला, टेक्स्ट इंडेक्स एकच, म्हणून जुना काढून नवा बांधावा लागतो. आधी सगळ्या डॉक्युमेंटांत फील्ड भरायचं, मग इंडेक्स पाडायचा. मधल्या वेळात प्रत्येक टेक्स्ट शोध एरर देतो, ती वेळ निवांत निवडायची. इंडेक्स फुगतो, कारण दर फील्डमधल्या दर वेगळ्या शब्दाची एक नोंद, आणि लिहिणं जरा मंदावतं.

बांधून झाल्यावर 'पाणी' टाकलं. आलं. लगेच 'दुसऱ्या' टाकलं, पुन्हा शून्य. पण या वेळी छातीत काही हललं नाही. डॉक्युमेंटमधला शब्द बाइटपर्यंत उघडून पाहिला: तिथे र, हलंत आणि न दिसणारा जोडक होता, मी टाइप केलेल्यात नुक्त्याचा ऱ आणि हलंत. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. युनिकोडच्या ठरलेल्या नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याच्या पद्धतीने, हे दोन एक होत नाहीत. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ते बदलून घेतलं, फील्ड पुन्हा भरायला लावलंय. अर्धं झालंय.