भाच्यांच्या घरचे न्यायालय

माझ्या धाकट्या बहिणीला दोन मुलगे आहेत. थोरला सहा वर्षांचा असून पहिलीत आहे, आणि धाकटा साडेतीन वर्षांचा असून बालवाडीत जातो. एरवी त्यांची आजी, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, घरी असतात. पण मागच्या महिन्यात त्या माहेरच्या कार्यासाठी कोकणात गेल्या, त्याच शनिवारी बहिणीला लेखापरीक्षणामुळे कार्यालयात जाणे भाग पडले आणि मेहुणे कामानिमित्त नागपुरात अडकले. त्यामुळे सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत दोन्ही मुलांना सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. मी ठाण्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. नववीच्या अख्ख्या वर्गाला गप्प करणाऱ्या बाईंना दोन मुले म्हणजे काहीच नाही, असे आमच्या शिक्षकखोलीत सर्वांचे मत पडले. हे मत सर्वांत ठामपणे मांडणाऱ्या दोघा सहकाऱ्यांच्या घरी मुलांचे सगळे त्यांच्या पत्नीच पाहतात, एवढे जाता जाता नमूद करते.

मुलांना न्हाऊ घालणे, भरवणे, झोपवणे ही कामे दमवतात, पण ती अवघड नसतात. हात चालवले की होतात. माझा त्या दिवशीचा बहुतेक वेळ गेला तो न्यायनिवाड्यात. कोणाला किती, कोणाला आधी, खिडकी कोणाची आणि सुरुवात कोणी केली, या चार प्रश्नांवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत अव्याहत सुनावणी चालू होती. त्यातून बहिणीने जाताना एका वहीच्या पानावर सूचना लिहून ठेवल्या होत्या, आणि ते पान हेच त्या दिवसाचे कायद्याचे पुस्तक ठरले. त्यात ‘जेवणाआधी चॉकलेट नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असताना ‘आई रोज देते’ असा दावा दोघांनीही एकाच दमात केला. एरवी एकमेकांविरुद्ध उभे राहणारे हे दोन पक्षकार कायद्याविरुद्ध मात्र तत्काळ एक होतात, हे मला तेव्हाच कळून चुकले.

पहिला खटला नाश्त्याच्या वेळी उभा राहिला. बहिणीने घावनांचे पीठ भिजवून ठेवले होते आणि सोबत ओल्या नारळाची चटणी होती. घावने करता करता शेवटी एकाचेच पीठ उरले आणि ते दोघांनाही हवे होते. अशा वेळी एकाने वाटावे आणि दुसऱ्याने निवडावे, हा जुना आणि गणिताच्या दृष्टीने चोख उपाय आहे; वाटणाऱ्याला दोन्ही भाग सारखे वाटतील असेच तो कापतो आणि निवडणाऱ्याला स्वतःच्या पसंतीचा भाग मिळतो, त्यामुळे तक्रारीला जागा राहत नाही. थोरल्याने उलथन्याने अतिशय काळजीपूर्वक, जीभ बाहेर काढून, दोन भाग केले. धाकट्याने मात्र त्या भागांकडे पाहिलेच नाही. तो दादाच्या तोंडाकडे पाहत राहिला आणि दादाची नजर ज्या तुकड्यावर स्थिरावली असे त्याला वाटले तो तुकडा त्याने उचलला. एवढे होऊनही त्याचे समाधान झाले नाही. ‘मला एकच!’ म्हणून त्याने भोकाड पसरले.

मी त्याच्या ताटातील अर्ध्या घावनाचे तीन तुकडे केले. त्याने बोट ठेवून एक, दोन, तीन असे मोजले आणि रडे एकदम थांबले. आता थोरला उसळला, ‘त्याला तीन आणि मला एक?’ पण पुढचा शब्द उच्चारण्यापूर्वीच तो थबकला, ताटाकडे पाहू लागला आणि हळूच म्हणाला, ‘पण मावशी, ते तेवढंच आहे ना?’

बी.एड.च्या अभ्यासक्रमात आम्हाला झाँ प्याजे हा स्विस मानसशास्त्रज्ञ होता. (१८९६ ते १९८० हा त्याचा काळ आणि परीक्षेत हमखास पाच गुण.) दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी भरायचे, मुलाकडून ते सारखे असल्याची कबुली घ्यायची आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतायचे, हा त्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. चार-पाच वर्षांचे मूल उंच पेल्यात जास्त पाणी आहे असे बिनदिक्कत सांगते. साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास त्याला कळू लागते की ओतल्याने किंवा तुकडे केल्याने वस्तू वाढत नाही. हे सारे मी पाठ करून लिहिले होते. मात्र ते कळण्याचा क्षण एखाद्या मुलाच्या चेहऱ्यावर उमटताना मी प्रथमच पाहत होते, आणि तोही तापलेला तवा गॅसवर असताना.

नाश्ता आटोपल्यावर आम्ही राणीच्या बागेत गेलो. बहीण लालबागला राहते, त्यामुळे भायखळा तसे जवळच. टॅक्सीत दोघांना दोन खिडक्या देऊन मी मध्ये बसले. परंतु वाहनाच्या एका बाजूने नेहमीच दुसरीपेक्षा जास्त दिसते हे सत्य उड्डाणपुलावर चढल्याबरोबर दोघांच्याही लक्षात आले. परतीच्या वेळी खिडक्यांची अदलाबदल करण्याचा करार झाला. त्या कराराची आठवण परतताना थोरल्याने काढली नाही, धाकट्याने काढली.

ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असले तरी तिकिटाच्या रांगेत सर्वांच्या तोंडी राणीचा बागच असतो. मुलांना पेंग्विन पाहायचे होते. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोलहून आणलेले हे हम्बोल्ट पेंग्विन आणि त्यांची इथेच जन्मलेली पिल्ले काचेपलीकडच्या थंड दालनात राहतात. मूळचे ते पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे आहेत. थोरल्याला बर्फ दिसेना म्हणून तो थोडा नाराज झाला, तेव्हा सगळे पेंग्विन बर्फात राहत नाहीत, यांच्या गावचा समुद्र थंड असला तरी किनारा कोरडा आणि खडकाळ असतो, असे मी त्याला सांगितले. या जातीत नर आणि मादी दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात, हे ऐकून तो बराच वेळ गप्प झाला. मग त्याने विचारले, ‘आणि कोणी दोनदा बसलं तर?’ शेजारी मुलीला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंनी हसून आपल्या यजमानांकडे पाहिले. यजमान मोबाइलवर पेंग्विनचे चित्रण करण्यात गुंतलेले होते.

पेंग्विनपेक्षाही जास्त वेळ आम्ही एका दगडी हत्तीपाशी घालवला, आणि हे मला मुळीच अपेक्षित नव्हते. बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात हा हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याला पाहूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, त्यात तो फुटला, तुकडे मुंबईतच राहिले आणि १९१४ मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा करण्यात आला. गोष्ट संपताच प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. कोणी फोडला? मुद्दाम फोडला का? सॉरी म्हणाले का? फेव्हिकॉलने चिकटवला का? धाकट्याला फक्त एकच गोष्ट महत्त्वाची वाटत होती. ‘तो हत्ती त्यांचा नव्हता,’ असे तो मान हलवत पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मग त्याने मला विचारले की ज्यांचा आहे त्यांना परत का दिला नाही. घारापुरीची लाँच गेटवेवरून सुटते, तासाभरात पोहोचते, म्हणजे परत नेणे काही अशक्य नाही, हे मलाही मान्य करावे लागले. संग्रहालयांतील वस्तू मूळ ठिकाणी परत द्याव्यात की नाही, यावर जगभर विद्वान लोक भांडत आहेत. साडेतीन वर्षांच्या माणसाचा निकाल मात्र एका वाक्यात आणि दगडावर हात ठेवून झाला.

घरी परतल्यावर वरणभात, तूप आणि भेंडीची भाजी असे जेवण झाले. त्यात सांगण्यासारखे काही नाही. भेंडीला दोघांनीही हात लावला नाही, एवढेच.

दुपारी झोपताना धाकट्याला चिऊ-काऊची गोष्ट हवी होती. शेणाचे घर पावसात वाहून गेल्यामुळे कावळा चिमणीच्या मेणाच्या घरापाशी येतो आणि चिमणी आतून सांगत राहते की थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे. थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे. आमच्या आईने आम्हाला ही गोष्ट अशीच सांगितली आणि आम्ही दोघी बहिणी कायम चिमणीच्या बाजूच्या होतो. थोरल्याने मात्र पांघरुणातून डोके काढून सांगितले की चिमणी वाईट आहे, कारण पावसात भिजणाऱ्याला आधी आत घ्यायचे असते आणि तीट नंतरही लावता येते. मी चिमणीच्या वतीने थोडी वकिली केली, बाळ लहान आहे, घर एवढेसे आहे, असे सांगून पाहिले. ‘मग दार उघडून तसं सांगायचं ना,’ असे उत्तर आले. यावर प्रतिवाद मला सुचला नाही. धाकटा एव्हाना झोपला होता.

झोपेतून उठल्यावर मी कोकम सरबत केले, आणि तिथे माझ्या सकाळच्या घावनाची फळे दिसली. मी हात पुसून येईपर्यंत थोरल्याने स्वतः पुढाकार घेऊन सरबत ओतले होते. स्वतःला रुंद पेल्यात आणि भावाला उंच, अरुंद पेल्यात. धाकटा आपला पेला दोन्ही हातांत धरून ‘माझं जास्त, माझं जास्त’ म्हणून नाचत होता आणि थोरला उदार चेहऱ्याने ‘असू दे, तू लहान आहेस’ असे सांगत होता. ज्ञान प्राप्त झाल्यापासून सात-आठ तासांच्या आत त्याचा उपयोग धाकट्या भावाला गंडवण्यासाठी झाला. तक्रारदार खूश, आरोपी खूश, फिर्याद कोणाचीच नाही. मी काही न बोलता पातेल्यात उरलेले सरबत उंच पेल्यात ओतले. थोरल्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहिले, आणि प्रकरण चौकशीविना मिटले. शिक्षिका म्हणून त्याच्या आकलनाचे मला कौतुकच वाटले, हे बहिणीला सांगितलेले नाही. ती हे वाचेल तेव्हा कळेलच.

संध्याकाळी गॅलरीत शेजारची मुले जमली आणि मला तासभर नुसते खुर्चीवर बसण्याचे सुख मिळाले. खेळ लपाछपीचा होता. ‘अडम तडम तडतड बाजा’ म्हणत एका मुलीवर राज्य आले आणि धाकटा अर्थातच कच्चा लिंबू ठरला. ज्याला खेळता येत नाही त्याला खेळाबाहेर न काढता, बाद न करता सामावून घेण्याची ही सोय मुलांनीच पिढ्यान्‌पिढ्या चालवली आहे आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. अडचण एवढीच झाली की धाकट्याला स्वतःवर राज्य हवे होते. इतर मुले ज्या गोष्टीपासून पळत होती तीच त्याला मानाची वाटत होती, आणि ‘मी कच्चा नाही’ असे ओरडत त्याने खेळ बंद पाडला. मी उठणार, एवढ्यात दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने सभा बोलावली आणि ठरवले की त्याच्यावर राज्य द्यायचे, पण अंक त्याने दहापर्यंतच म्हणायचे आणि शोधताना तिने त्याच्याबरोबर फिरायचे. कोणीही हरकत घेतली नाही. प्याजेने मुलांच्या गोट्यांच्या खेळाचाही अभ्यास केला होता. लहान मुलांना नियम वरून आलेले आणि न बदलणारे वाटतात, मोठ्या मुलांना मात्र सर्वांच्या संमतीने ते बदलता येतात हे उमगलेले असते, असे त्याचे निरीक्षण होते. गॅलरीतल्या त्या मुलीने हे काम दोन मिनिटांत उरकले. मला सकाळच्या घावनासाठी यापेक्षा जास्त वेळ लागला होता.

बहीण सात वाजून गेल्यावर आली. चप्पल काढण्यापूर्वीच तिच्यापुढे तक्रारींचे वाचन झाले. त्यात चिमणी होती, इंग्रजांनी फोडलेला हत्ती होता आणि मावशीने चॉकलेट दिले नाही हेही होते. तिने वहीचे पान दाखवून मला निर्दोष ठरवले. मग आम्ही दोघींनी उरलेली भेंडी खाल्ली.

मे महिन्याच्या सुट्टीत ही दोघे आणि आमच्या भावाचा मुलगा असे तिघे ठाण्याला माझ्याकडे राहायला येणार आहेत. तिघांत वाटणी करायची तर ‘एक वाटणार, दुसरा निवडणार’ ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. त्यासाठी स्टेफान बानाख आणि ब्रोनिस्वाव क्नास्टर या पोलिश गणितींनी शोधलेली आणि त्यांचा सहकारी ह्यूगो स्टाइनहाउसने १९४० च्या दशकात प्रसिद्ध केलेली एक पद्धत आहे. पहिल्याने स्वतःच्या हिशेबाने योग्य तेवढा तुकडा कापायचा. पुढच्याला तो मोठा वाटला तर त्याने थोडा छाटून कमी करायचा, त्यापुढच्याने तसेच करायचे. आणि ज्याने शेवटी छाटला त्यानेच तो घ्यायचा. पद्धत निर्दोष आहे. फक्त छाटण्यासाठी दात वापरायचे नाहीत, हा नियम या गणितींना घालावा लागला नव्हता. मला तो बहिणीच्या वहीच्या पानावर आधीच लिहून घ्यावा लागेल.