जुन्या गाडीचा एसी

आज मेकॅनिक म्हणाला, "गॅस भरून टाकू." मी आधी लीक शोधायला लावलं. एसीचा गॅस वापरून संपत नसतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी निसटतोय. एसीत डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) सोडून अतिनील दिवा मारला, तर कंप्रेसरच्या जोडाशी हिरवट-पिवळा डाग चमकला. आत ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) वाळून कडक झालेली!

गॅसबरोबर ऑइलही फिरतं, तेच ओ-रिंगसारखे सील ओले ठेवतं. म्हणून थंडीतही अधूनमधून १० मिनिटं एसी चालवाच. कंडेन्सर (गॅस थंड करणारी पुढची जाळी) मात्र साध्या पाण्यानं, हलक्या हातानं धुवा. जोराच्या फवाऱ्यानं त्याच्या पातळ पत्र्या वाकतात. आणि खूपच जुनी, आर-१२ या जुन्या एसी गॅसवाली गाडी असेल तर त्यात थेट आर-१३४ए हा नंतरचा गॅस भरू देऊ नका, ऑइलसुद्धा बदलावं लागतं.