जुन्या बोलेरो पिकअपचे अ‍ॅव्हरेज: सहा महिन्यांची नोंद

माझी पिकअप 2009 सालची असून तिला 2523 सीसीचे चार सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन आहे. नारायणगावहून माळशेज घाटाने वाशीच्या बाजार समितीत टोमॅटो पोहोचवून रिकामे परत येण्याची फेरी सुमारे 300 किलोमीटरची होते. जाताना माल भरून घाट उतरायचा आणि येताना रिकाम्या गाडीने तो चढायचा, त्यामुळे एका बाजूचे अ‍ॅव्हरेज काढण्यात अर्थ नसतो. हिशेब पूर्ण फेरीचाच धरावा लागतो.

टाकी दर वेळी त्याच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या ऑटो कटपर्यंत (नोझल आपोआप बंद होईपर्यंत) भरली. तरीही भरण्यात एका लिटरचा फरक पडला, तर प्रतिलिटर सुमारे 0.4 किलोमीटरची चूक होते, म्हणून प्रत्येक बदलानंतर तीन फेऱ्यांची सरासरी घेतली. झिजलेल्या टायरमुळे ओडोमीटर जीपीएसपेक्षा तीन टक्के जास्त दाखवत होते. पुढचे सर्व आकडे ती दुरुस्ती करून दिले आहेत.

सुरुवात प्रतिलिटर 10.8 किलोमीटरपासून झाली. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या चाचणीत चारही ठीक निघाले, एअर फिल्टर बदलूनही मोजता येईल असा फरक दिसला नाही. घाट उतरल्यावर सगळेच ब्रेक तापतात, त्यामुळे ब्रेकची खोड तिथे कळत नाही; सपाट रस्त्यावर ब्रेक फारसा न लावता वीस किलोमीटर चालवल्यावर मागचा डावा ब्रेक ड्रम मात्र हात लावता येणार नाही इतका तापलेला होता. ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर अडकलेला निघाला, तो बदलल्यावर सरासरी 11.4 झाली.

खरा लाभ थर्मोस्टॅटने, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेने दिला. तापमानाचा काटा वर्षानुवर्षे तळाशीच राहत असे आणि गाडी गरम होत नाही याचे मला समाधान वाटायचे. त्याचे हाउसिंग (कव्हर) उघडल्यावर आत थर्मोस्टॅटच नव्हता. कधीतरी कोणा मेस्त्रीने तो काढून टाकला होता. थंड इंजिनात तेल घट्ट राहून घर्षण वाढते, आणि ज्वलनाची जी उष्णता पिस्टन ढकलण्यासाठी वापरली गेली असती, तिचा मोठा वाटा सिलिंडरच्या थंड भिंतींमधून पाण्यात निघून जातो. रेडिएटर साफ करून, नवा कूलंट भरून मूळ मापाचा थर्मोस्टॅट बसवला आणि सरासरी 12.3 वर गेली. सकाळचा पांढरा धूरही लवकर थांबू लागला. ज्यांच्या गाडीचा काटा मध्यापर्यंत चढत नाही, त्यांनी नोझल-पंपावर खर्च करण्याआधी हे हाउसिंग अवश्य उघडून पाहावे.

शेवटचा बदल वेगाचा केला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी 80 ऐवजी 65 किलोमीटरने चालवल्यास तो सुमारे एक तृतीयांशाने घटतो. ताडपत्री फडफडणार नाही अशी घट्ट बांधून याच वेगाने केलेल्या तीन फेऱ्यांची सरासरी 13.1 आली, मात्र फेरीला अर्धा-पाऊण तास जास्त लागतो आणि पहाटेच्या बाजारासाठी थोडे आधी निघावे लागते. आता टर्बोच्या रबरी होजवर (नळीवर) तेलाचा ओलावा दिसतो आहे. पुढच्या तीन फेऱ्या ती होज बदलून होतील.